थंडीत आठ, पावसाळ्यात सहा

मन्मथआप्पांबद्दल लिहायला बसलो की सगळ्यात आधी माझंच एक वाक्य आठवतं. शेठच्या केबिनमध्ये, चार माणसांसमोर, पंख्याखाली उभा राहून मी म्हणालो होतो, "मला आठवत नाही." आप्पा काय म्हणाले होते, कुठे बसून म्हणाले होते आणि तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, हे सगळं मला त्या क्षणीही आठवत होतं. आजही आठवतं. म्हणून आधी आप्पा कसे होते ते सांगतो, मग त्या वाक्याकडे येतो. आधी त्या वाक्याचीच गोष्ट सांगितली तर पुढे माझं कोणी ऐकणार नाही.

परभणीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. हळद दळायची, पाकिटात भरायची, पाकिटं खोक्यात आणि खोकी कंटेनरमध्ये. कंटेनर ट्रेलरवर चढून बंदराला जायचा आणि तिथून समुद्रापलीकडे. आप्पा तिथे लोडिंगचे मुकादम होते. कंटेनरला ते डब्बा म्हणत. चाळीस फुटी असो की वीस फुटी, डब्बा तो डब्बाच. झरीहून सकाळच्या एसटीने यायचे, आखूड पायजमा, वर बंडी, कानामागे खडूचा तुकडा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असत, पण लोडिंग सुरू झालं की घामाने दुपारपर्यंत दोनच उरत. हमाल त्यावरून वेळ सांगायचे. गळ्यातलं इष्टलिंग वाकताना मधे येऊ नये म्हणून ते बंडीत खोचून घ्यायचे आणि मगच पहिल्या खोक्याला हात लावायचे.

माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. बोरीचा हमाल म्हणजे 'बोरी', जिंतूरचा म्हणजे 'जिंतूर'. मी पालमचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून डिस्पॅचला लागलेलो, म्हणून मी 'पालमकर'. तो 'कर' माझ्या शर्टाच्या इस्त्रीमुळे लागला असावा. पोत्यावर माल कुठला ते लिहिलेलं असतं, माणसावर लिहिलेलं नसतं, म्हणून हाकेत ठेवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला डब्ब्यात कोंडलं. म्हणजे स्वतःही आत आले. रिकामा कंटेनर आला की ते एका हमालाला बाहेरून दार लावायला सांगत आणि आत मांडी घालून बसत. वैशाखातलं ऊन, पत्र्याचा डब्बा, दार बंद. मला वाटलं, नवीन माणसाची गंमत करायची इथली रीत असेल. आप्पा मात्र अंधारात शांतपणे शिवाचं नाव घेत होते. एकशे आठ वेळा. तेवढ्या वेळात डोळे अंधाराला सरावतात आणि छताला कुठे सुईएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. त्या दिवशी एक दिसला, उजव्या कोपऱ्यात. आप्पांनी बाहेर येऊन पत्र्यावर खडूने गोल काढला आणि ट्रेलरवाल्याला डब्बा परत न्यायला सांगितलं. तो रस्ताभर शिव्या देत गेला असणार. आप्पा डब्ब्यात पूजेला बसतात असं ड्रायव्हर लोक आपसात म्हणायचे, आणि ते एका अर्थी खरंच होतं.

खोकी लावताना ते बोलत फार नसत. थप्पी सरळ आहे की नाही ते बघायला लांब उभं न राहता गाल लावून बघायचे. खालच्या दोन खोक्यांच्या सांध्यावर वरचं खोकं यायलाच हवं, भिंत बांधताना विटा येतात तसं. खोक्यावर कोणी टेकलेलं त्यांना चालत नसे. जेवायच्या सुट्टीत एकदा मी सहज एका थप्पीवर बसलो, तर त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि स्वतःचा गमछा अंथरून जमिनीवर बसवलं. रागावले नाहीत. त्यांना रागावताना मी पाहिलेलंच नाही, आणि तेच पुढे मला फार जड गेलं.

एक काम मात्र ते कोणालाही देत नसत. दाराजवळची शेवटची रांग स्वतः लावायची. बारा हमाल बाजूला उभे राहत आणि साठीकडे झुकलेला हा माणूस एकेक खोकं उचलून बसवत असे. मग तळहात ठेवून रांगेला जरा ढकलून बघायचं, हलली नाही की दार लावायचं. मी एकदा विचारलं की एवढं कशाला, आतली रांग जशी तशी हीसुद्धा.

"तिकडं दार उघडणाराच्या अंगावर पडू ने," आप्पा म्हणाले. "त्यो आपला कुणी न्हाई, आपून त्याला कधी बगणार बी न्हाई. पर दार आपून लावलंय ना."

मी तेव्हा मान डोलावली. ऐकायला छान वाटलं होतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शेठनी सॉफ्टवेअर घेतलं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची, वजन, एकावर एक किती थर चालतील, एवढं भरलं की ते सगळा कंटेनर पडद्यावर लावून दाखवायचं. रंगीत खोकी, माउसने फिरवून चारी बाजूंनी बघता येणारी. किती खोकी बसतील, वजन पुढे जास्त की मागे, पॅलेटवर कशी रचायची, सगळं. ते चालवायचं काम माझ्याकडे आलं आणि माझी कॉलर ताठ झाली. हमालांना वाटलं, आता आप्पा आणि पालमकर यांची जुंपणार. चहाच्या टपरीवर तशा पैजाही लागल्या असतील.

जुंपली नाही. आप्पा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, खोकी फिरताना बघितली आणि पुन्हा फिरवायला सांगितली. मग म्हणाले, हे बेस हाय, उचलायच्या आधी लावून बघता येतं, गड्यांच्या कंबरा वाचतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूकही काढली. पडद्यावरची कंटेनरची भिंत सपाट होती आणि खऱ्या डब्ब्याची लाटालाटांची असते. आमचं माप लाटेच्या खोलगट भागात घेतलेलं होतं, म्हणून प्रत्येक रांगेत दोन बोटं कमी पडत होती. मी माप बदललं. मग सॉफ्टवेअरने एक दिवस अशी मांडणी काढली की आप्पांच्या नेहमीच्या हिशेबापेक्षा छत्तीस खोकी जास्त बसत होती. आप्पा कागदाकडे बराच वेळ बघत राहिले, मग एसटीला गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तशीच्या तशी मांडणी करून दाखवली आणि सगळ्या हमालांसमोर जाहीर केलं, मशीन जितली. त्यानंतर प्रत्येक प्लॅनचा कागद ते घडी करून बंडीच्या खिशात ठेवायचे. वाचता जेमतेम येत होतं, पण चित्र चांगलं कळायचं.

माणूस भांडला असता तर मला पुढचं सोपं गेलं असतं. आप्पांनी ते सॉफ्टवेअर मनापासून आपलं मानलं आणि मला त्यातलं शिकवायला लागले.

आता ती दुपार सांगतो. पौष महिना होता, थंडी होती आणि आम्ही गोदामाच्या मागे उन्हात बसलो होतो. आप्पांचा डबा उघडा होता, ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी हळदीच्या नव्या खोक्याची माहिती भरत होतो. माप, वजन झालं. थर किती, हा रकाना आला. मी विचारलं, हे खोकं एकावर एक किती चालेल?

हातात अर्धी भाकर तशीच धरून आप्पा म्हणाले, "थंडीत आठ, पावसाळ्यात सहा."

का, ते त्यांनी समजावूनही सांगितलं. पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. पावसाळ्यात हाताला कोरडं लागलं तरी खालचं खोकं मऊ पडलेलं असतं, वरचं ओझं आलं की बसतं. एक बसलं की त्याच्यावरचं सगळं कलतं. रकान्यात एकच आकडा मावत होता. मी आठ टाकला. पुढचा रकाना होता 'माहिती देणार'. तिथे मी त्यांचं नाव टाकलं, मन्मथआप्पा, मुकादम. वळून त्यांना दाखवलंही. कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं नाव बघून त्यांनी हात पुसला आणि पडद्यावरच्या त्या अक्षरांना बोट लावलं. त्यांचा मान केला असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण संध्याकाळी एसटीत त्यांनी ते झरीच्या दोघा-चौघांना सांगितल्याचं कानावर आलं.

श्रावणात मोठी ऑर्डर आली. चार दिवस झड लागली होती, गोदामात भिंतींना ओल आलेली. गिऱ्हाइकाला माल एकाच कंटेनरमध्ये हवा होता आणि जहाज चुकवायचं नव्हतं. सॉफ्टवेअरने आठ थरांनी बरोबर एका कंटेनरमध्ये बसवून दाखवलं. शेठ खूश. मी त्याहून खूश, कारण पुढच्याच महिन्यात मला कायम करायचा कागद निघणार होता. सोमवार होता, आप्पांचा उपास. कागद बघून ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. सहाच्या वर जाऊ नका म्हणाले. मी पडदा फिरवून त्यांच्याकडे केला. तुम्हीच आठ सांगितलेत, हे बघा, नावसुद्धा तुमचंच.

"म्हणलो तवा पौष व्हता," आप्पा म्हणाले. "यात महिना कुठं टाकायचा?"

महिना टाकायला जागाच नाही, असं मी सांगितलं. आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटलं नाही.

मग त्यांनी शेवटची मागणी केली. आत आठ लावा म्हणलात तर लावतो, पण दाराजवळची रांग तेवढी सहाची ठेवू द्या. मी हिशेब केला. बावीस खोकी मागे राहत होती, म्हणजे कागदपत्रं बदलायची, शेठना सांगायचं, कदाचित जहाज चुकायचं. मी नाही म्हणालो. शब्द नेमके सांगतो: "आप्पा, प्लॅनप्रमाणे लावा, जबाबदारी माझी." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ते गेले. त्या दिवशी दाराजवळची रांग लावायला त्यांना नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. थरांच्या मधे त्यांनी सुटे पुठ्ठे घातले, सुतळीने आडवे बांध घातले, तळहात लावून पुन्हा पुन्हा ढकलून बघितलं. मी घड्याळ बघत उभा होतो.

महिन्याभराने फोटो आले. तिकडे कंटेनरचं दार उघडलेलं, दाराजवळची सगळी रांग बाहेर कोसळलेली, फुटलेल्या खोक्यांतून हळद सांडून जमीन पिवळी झालेली. आतल्या थप्प्या एका बाजूला कललेल्या. गिऱ्हाइकाने माल घ्यायला नकार दिला आणि चौकशीसाठी त्यांचा एजंट आला.

केबिनमध्ये शेठ, एजंट, सॉफ्टवेअर कंपनीचा एक तरुण आणि आप्पा होते. मी पंख्याखाली उभा. त्या तरुणाने लॅपटॉप उघडून नोंद वाचली. थर आठ, माहिती देणार मन्मथआप्पा. दिलेल्या माहितीप्रमाणे सॉफ्टवेअरने बरोबर काम केलं, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरंच होतं.

शेठनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "आठ म्हणलो व्हतो. सहा बी म्हणलो व्हतो. थंडीत आठ, पावसाळ्यात सहा. ह्यास्नी इचारा."

शेठनी मला विचारलं. आणि मी म्हणालो, "मला आठवत नाही."

कोणी माझा गळा धरला नव्हता. खरं सांगितलं असतं तर फार फार तर कायम व्हायचा कागद लांबला असता. शेठ तसे माणूस म्हणून वाईट नाहीत. पण तोंडातून ते वाक्य आलं आणि आलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे सगळ्यात वाईट. मी आप्पांकडे बघितलं नाही. ते काहीतरी बोलतील, त्या सोमवारची गोष्ट काढतील, 'जबाबदारी माझी' म्हणालो होतो ते सांगतील, अशी वाट बघत मी फरशीकडे बघत राहिलो.

त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि एजंटला विचारलं, "दार उघडणाराला लागलं का?"

एजंटने कागद चाळले. तसं काही लिहिलेलं नाही म्हणाला. आप्पांनी फोटो टेबलावर ठेवला, कानामागचा खडू काढून त्या फोटोशेजारी ठेवला आणि सगळ्यांना हात जोडून, शरणार्थ म्हणून बाहेर गेले. शेठनी त्यांना काढलं नाही. दिवाळीपर्यंत आराम करा, मग बोलावतो, असा निरोप दिला. दिवाळी झाली, बोलावणं गेलं नाही. निरोप पाठवायचं काम डिस्पॅचचं होतं, म्हणजे माझं. शेठ विसरले आणि मी आठवण करून दिली नाही. आप्पांच्या जागी जिंतूरचा तो हमाल मुकादम झाला. रिकाम्या डब्ब्यात दार लावून बसायचं मात्र कोणी चालू ठेवलं नाही.

मी कायम झालो.

दोन वर्षांनी सॉफ्टवेअर कंपनीने सुधारणा विचारल्या. मी लिहून पाठवलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी थरांचे दोन रकाने हवेत, एक कोरड्या दिवसांचा, एक दमट दिवसांचा. त्यांनी ते केलं. आता महिना टाकला की आकडा आपोआप बदलतो. बाहेरून कोणी कारखाना बघायला आलं की शेठ त्यांना मुद्दाम माझ्या टेबलापाशी आणतात आणि सांगतात, ही कल्पना आमच्या या पोराची, कंपनीला सुचली नाही ते याला सुचलं. पाहुणे माझा हात हातात घेतात. मीही हसून घेऊ देतो. असं चार-पाच वेळा झालं. गेल्या फाल्गुनात पुन्हा झालं आणि त्या दिवशी मात्र मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी झरीची एसटी धरली.

आप्पा घरी नव्हते. सुनेने शेतात असल्याचं सांगितलं. ज्वारीची काढणी झालेली आणि कडब्याची गंजी रचणं चालू होतं. दोन गडी खालून पेंढ्या फेकत होते आणि कंबरभर उंच झालेल्या गंजीवर उभं राहून आप्पा त्या झेलून बसवत होते. अंगावर तीच बंडी. केस पूर्ण पांढरे झालेले, भस्माचे पट्टे मात्र तिन्ही शाबूत. मला बघून हात थांबला नाही.

"या पालमकर," ते म्हणाले. "उन्हाचे काहून आले?"

मी काय काय ठरवून गेलो होतो. उभ्या उभ्या सांगायला लागलो. मशीनमध्ये आता महिना टाकता येतो, दोन रकाने आहेत. त्यांनी पेंढी बसवता बसवता ऐकलं. हे बेस झालं म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. गड्यांना सांगितलंही, ह्यांच्या मशीनला आता पावसाळा कळायलाय. मग मला विचारलं, "त्या दार उघडणाराचं कळलं का काही पुढं?"

मला कळलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एक मेल टाकला असता तरी उत्तर आलं असतं. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी पुढची पेंढी झेलली.

गडी पाणी प्यायला विहिरीकडे गेले, तेव्हा मी गंजीला टेकून, मान वर करून बोललो. "आप्पा, मला त्या दिवशी आठवत होतं. सहा म्हणालात ते आठवत होतं. सगळंच आठवत होतं."

ते खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवून. कडब्याचा वास येत होता आणि मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ द्या. मी त्याचसाठी आलो होतो, हे मला तिथे उभा असताना कळलं.

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "मला काहून सांगायलाव? ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

आवाज चढला नाही. तेवढं म्हणून ते उठले आणि हात खाली केला. मला वाटलं, निरोपाचा. पण त्यांना पेंढी हवी होती. मी दिली. गडी परत येईपर्यंत वीस-पंचवीस पेंढ्या मी दिल्या आणि त्यांनी बसवल्या. मग सुनेने आणून दिलेला चहा घेऊन मी निघालो.

परतीची एसटी त्यांच्या शेताच्या कडेने जाते. मी खिडकीशी बसलो होतो. गंजी आता माणसाच्या डोक्याएवढी झाली होती आणि आप्पा वर उकिडवे बसून मावळतीकडच्या बाजूच्या पेंढ्या उतरत्या लावत होते. आमच्याकडे पाऊस तिकडून येतो. तो यायला अजून तीन महिने होते. रस्त्याकडे त्यांची पाठ होती. एसटी वळली आणि ते दिसेनासे झाले.

त्यानंतर महिना गेला. रोज सकाळी शेठच्या केबिनपर्यंत जातो आणि डिस्पॅचचंच काहीतरी बोलून परत येतो. तोंडी हे माझ्याने होणार नाही हे आता कळलं आहे, म्हणून लिहून काढलं. शेठ मराठी वाचतात, सकाळी चहाबरोबर पेपर पुरता वाचून काढतात. उद्या पेपरच्या वर हे कागद ठेवणार आहे. माझ्या कामाच्या सवयीप्रमाणे पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक ओळ आधीच लिहून ठेवली आहे. माहिती देणार, आणि पुढे माझं पूर्ण नाव.